पनामाच्या जंगलातील अगूटी आणि तिनामू: काम एकच की वेगळे?

रानवाट:
पनामा कालव्यासाठी नदी अडवून गातून सरोवर भरले, तेव्हा पाण्याबाहेर उरलेल्या टेकडीचे बारो कोलोरादो बेट झाले. तेथील अगूटी हा कृंतक (उंदीर-खारींच्या वर्गातला, कुरतडणारा) प्राणी आणि मोठा तिनामू हा पक्षी, दोघेही तपकिरी, आखूड शेपटीचे आणि पाचोळ्यात पडलेली फळे व बिया वेचणारे आहेत. मग जंगलाच्या दृष्टीने दोघांचे काम एकच आहे, असे म्हणता येईल का?

पाचोळा:
मला तसे वाटत नाही. अगूटी मागच्या पायांवर बसतो, बी पुढच्या पंजांत धरून फिरवत फिरवत सोलतो, आणि पोट भरल्यावर उरलेले बी तोंडात धरून दूर नेऊन पुरतो. एका खड्ड्यात एकच बी, वर माती आणि पाने. तिनामूला दात नाहीत. तो बी अख्खे गिळतो आणि पेषणीत (पोटातील दळणाऱ्या स्नायुमय पिशवीत) दळून टाकतो, त्यामुळे बहुतेक बियांचा प्रवास तेथेच संपतो.

पिसोरी:
वरील उत्तर योग्य आहे, परंतु अगूटीला माळी ठरवण्याची घाई करू नये, कारण पुरलेल्या बियांपैकी पुष्कळशा तो स्वतः खातो किंवा दुसरा अगूटी उकरून नेतो. या बेटावर ताडवर्गीय झाडाच्या बियांना रेडिओ-खूण लावून केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक बी तब्बल 36 वेळा पुरले गेले होते. रुजते ते या चोऱ्यांतून सुटलेले.

रूपावरही जाऊ नये. बारीक पाय आणि खुरासारखी नखे यांमुळे अगूटी आपल्या पिसोरीसारखा दिसतो, पण पिसोरी हा हरणासारखा छोटा खुरी प्राणी आहे, तर अगूटी कृंतक. तिनामू तित्तिरासारखा दिसतो, पण त्याचे नाते शहामृग आणि ऱ्हीया या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या गटाशी आहे, आणि त्या गटात असूनही तो उडू शकतो.

रानवाट:
दोघांचेही आभार. पिल्लांच्या बाबतीत काही साम्य आहे का?

पाचोळा:
थोडेसे आहे. अगूटीचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मते; तिनामूचे पिल्लूही अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच चालू लागते. मात्र अगूटीत संगोपन आई करते, तर तिनामूत मादी निळसर-हिरवी, चिनी मातीसारखी चकाकणारी अंडी घालून निघून जाते आणि ती उबवण्याचे काम नर करतो.