'चीट', 'स्विंडल', 'कॉन' : सगळ्यांना 'फसवणे' म्हणून चालेल का?

शब्दमाग :
मी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करीत आहे. तिच्यात एकाच पानावर 'चीट', 'स्विंडल', 'कॉन' आणि 'डिफ्रॉड' ही चारही क्रियापदे आली आहेत आणि माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'फसवणे' हाच शब्द पडला आहे. त्यामुळे परिच्छेद अगदी सपाट झाला आहे. मूळ लेखकाने केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलले असतील, असे मला वाटत नाही. हे शब्द कोठून आले आणि आज ते नेमके कोणत्या प्रसंगी वापरतात, हे जाणकारांनी सांगितल्यास मोठी मदत होईल.

तळटीप :
'चीट'चे मूळ जमिनीच्या कायद्यात आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादा जमीनधारक निर्वंश मेला की त्याची जमीन सरंजामदाराकडे किंवा राजाकडे परत जाई. आपण ज्याला 'सरकारजमा होणे' म्हणतो, त्याच धर्तीच्या या व्यवहाराला 'एस्चीट' म्हणत. राजाच्या वतीने हे काम पाहणारे 'एस्चीटर' खोटेनाटे दावे लावून जमिनी बळकावण्याबद्दल इतके बदनाम झाले की, त्यांच्या हुद्द्याचे आखूड रूप 'चीटर' हे लबाडाचेच नाव होऊन बसले. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये फॉल्स्टाफ दोन बायकांचा 'चीटर' होण्याची भाषा करतो, तेव्हा वसुली अधिकारी आणि लबाड हे दोन्ही अर्थ त्याला अभिप्रेत असतात.

आजच्या वापरात मात्र 'चीट'ला पैशाची अट नाही. नियम मोडला की पुरे. पत्त्यांच्या डावात 'चीट' केले तर आपण 'रडीचा डाव' म्हणू, परीक्षेत केले तर 'कॉपी', आणि जोडीदाराशी केले तर 'प्रतारणा'. मराठीत कोणताही एकच शब्द या तिन्ही ठिकाणी चालत नाही, म्हणून आधी आपल्या वाक्यात नेमका कोणता नियम मोडला गेला आहे ते पाहावे.

जुनी पोथी :
'कॉन'बद्दल सविस्तर लिहितो, कारण अनुवादात सर्वांत जास्त नुकसान याच शब्दाचे होते. 'कॉन' म्हणजे 'कॉन्फिडन्स', अर्थात विश्वास. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाला अटक झाली. त्याची रीत अशी होती : नीटनेटका पोशाख करून तो रस्त्यात एखाद्या सुस्थितीतल्या गृहस्थाला गाठे, जुनी ओळख असल्यासारखा चार शब्द बोले, आणि मग सहज विचारी की, उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्यापाशी ठेवण्याइतका विश्वास आपल्याला माझ्याबद्दल आहे का? समोरचा माणूस संकोचाने म्हणा, की भिडेखातर म्हणा, खिशातले घड्याळ काढून त्याच्या हातात देई, आणि थॉम्पसन ते घेऊन चालता होई. पुढे फसलेल्यांपैकीच एकाने त्याला रस्त्यात ओळखले आणि तो पकडला गेला. 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले, ते नाव देशभर पसरले आणि पुढे त्याचेच 'कॉन मॅन' झाले.

या शब्दाचा प्राण त्या प्रश्नात आहे. धाक नाही, हिसकावणे नाही. फसणारा आपल्या हाताने वस्तू देतो. म्हणून 'कॉन'साठी 'विश्वासात घेऊन गंडा घालणे' असे लिहावे, आणि नाते जवळचे असेल तर 'केसाने गळा कापणे' याच्याइतका नेमका प्रयोग दुसरा नाही.

पानगळ :
'स्विंडल' जर्मनमधून आला. 'श्विंडेल्न' म्हणजे भोवळ येणे. त्यावरून 'श्विंडलर' म्हणजे हवेत इमले बांधणारा, भरमसाट बेत रचून इतरांना त्यात ओढणारा. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी 'स्विंडलर' हे नाम आले आणि त्यावरून काही वर्षांनी क्रियापद पडले. यात पैसा किंवा मालमत्ता असतेच, म्हणून 'लुबाडणे' योग्य होईल. 'डिफ्रॉड' लॅटिन कुळातला असून तो आरोपपत्रात शोभतो; 'फसवणूक करणे' हे त्याच्यासाठीच राखून ठेवा. तेथे 'अपहार' मात्र लिहू नये, कारण अपहार हा आधीच आपल्या ताब्यात सोपवलेल्या पैशाचा होतो.

'फ्लीस' हा शब्दही पुढे भेटेल. मेंढीची लोकर कातरावी तसे एखाद्याला लुटणे, हा त्याचा अर्थ. आपले 'भादरणे' त्याच्या जागी हुबेहूब बसते.

तळटीप :
एक सावधगिरी सुचवतो. कथेत 'थग' आला तर 'ठग' लिहू नये. शब्द आपलाच आहे. संस्कृत 'स्थग्', म्हणजे झाकणे, लपवणे, यापासून तो आला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळला. ठगांच्या टोळ्या वाटसरूंशी सलगी करून, त्यांच्याबरोबर काही मजल चालून, मग त्यांचा गळा आवळीत. मराठी 'ठकवणे'मध्ये त्यातली सलगी आणि लबाडी उरली, तर इंग्रजीने हिंसा तेवढी ठेवली. तिथला 'थग' आपला 'गुंड' आहे.

शब्दमाग :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिच्छेद पुन्हा लिहिला : थोरला भाऊ पत्त्यांत रडीचा डाव खेळतो, दलाल विधवेला लुबाडतो, तिचा पुतण्या तिचा केसाने गळा कापतो, आणि वकिलाच्या तोंडी 'फसवणूक' राहते. आता चौघेही वेगळे दिसतात. त्या विधवेला लेखक 'ड्यूप', म्हणजे सहज फसणारी, म्हणतो. तेथे अडले आहे.

पानगळ :
'ड्यूप' फ्रेंचमधून आला आहे, आणि तो हुदहुद पक्ष्याच्या फ्रेंच नावावरून पडला असे मानतात. हा पक्षी भोळसट समजला जाई. मराठीत एरवी 'बकरा' चालला असता, पण त्यात हसू आहे आणि तुमच्या कथेतली विधवा हसण्याचा विषय दिसत नाही. तेथे 'भोळी' एवढेच लिहावे.