मुंबई-न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइट, किती तास?

भटकभवानी: आईबाबांना जूनमध्ये न्यूयॉर्कला पाठवतेय, डायरेक्टनेच. अंतर किती पडतं? आणि जाताना १६ तासांच्या आसपास नि येताना १४ दाखवतंय, असं कसं काय?

ढगवाला: सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किमी. वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो म्हणजे जाताना तोंडावर नि येताना पाठीवर, त्यात रूटही थोडा बदलत असतो म्हणून वेळ मागेपुढे होतो.

निमामावशी: तिकिटावर पोचायची वेळ तिथली लोकल असते हां, जूनमध्ये तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे. बाबांना आइल सीट घे, मधेमधे उठून चालायला सांग.

भटकभवानी: थँक्यू मावशी, आइलचे वेगळे पैसे मागतायत पण!