प्रतिसाद: फट टायरने नाही, स्प्रिंगने भरते

दादा, १७ च्या जागी १८ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) टाकूनही टायर आणि फेंडर (चाकावरची कमान) यांमधली फट तशीच, म्हणून जाड टायर टाकू का, असं विचारलंत. नका टाकू. चाक मोठं झालं तरी टायरची भिंत तेवढीच आखूड होते; २२५/४५ आर१७ आणि २२५/४० आर१८ या मापांच्या टायरांच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम ३ मिमी फरक. फट भरणार कुठून? जाड टायरने स्पीडोमीटरचं गणित बिघडेल, वर टायर कमानीच्या आतल्या लायनरला (अस्तराला) घासेल. लोअरिंग स्प्रिंगच (गाडी खाली उतरवणारे) बसवा, पण २५ मिमीपुरते. मी गाडी ३५ मिमी उतरवली होती. घोडबंदर रोडला चौघं बसलेले असताना गतिरोधकावर पुढचं अंडरकव्हर (गाडीच्या पोटाखालचं कव्हर) फाटलं.

आणि एक बघाच: सस्पेन्शन आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळून घ्या. माझे जॅकवर लटकत्या चाकांनी आवळले, आर्मच्या सांध्यातले रबरी बुश पिळलेले राहिले आणि सहा महिन्यांत चिरले. बोल्ट आवळून झाले की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.