बॅटल ब्रदर्स 'अवघड पण फेअर' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

फाटका_तंबू
परवा इथे एकाने लिहिलं की बॅटल ब्रदर्स, म्हणजे भाडोत्री टोळी चालवायचा तो कॉम्प्युटर गेम, ज्यांना आवडत नाही त्यांना डोकं चालवायचंच नसतं, त्यांनी मोबाईलवर गोळ्या फोडत बसावं. तेव्हापासून ते डोक्यात गेलंय, म्हणून हा धागा. २०१७ ला पूर्ण रिलीज झाला तेव्हापासून खेळतोय, डीएलसी, म्हणजे नंतर आलेले जादा भाग, पण घेतलेत, त्यामुळे 'तुला जमत नाही' हे कुणी ऐकवू नये.

लढाई भारीच आहे, वाद नाही. ऑर्क वॉरियर, म्हणजे राक्षसी योद्धा, धक्के मारत फळी फोडतो, हेक्स नावाची चेटकीण आपल्या सगळ्यात तगड्या गड्यावर मोहिनी घालते आणि तो वळून शेजारच्याचंच डोकं फोडतो, तेव्हा खरंच घाम फुटतो. माझं भांडण भरतीशी आहे. पैसे आधी मोजा, स्टॅट, म्हणजे माणसाच्या कौशल्याचे आकडे, नंतर बघा. ट्रायआउटची, म्हणजे चाचणीची, फी भरली तरी फक्त ट्रेट, म्हणजे स्वभावगुण, कळतात, मेली स्किल (जवळून लढायचं कौशल्य) किती, डिफेन्सला (बचावाला) उपजत गुणाचे स्टार आहेत का, काही नाही. मग सगळे काय करतात? गावोगाव हिंडून मजूर, कोळी, उंदीर मारणारे स्वस्तात उचलायचे, आकडे बघायचे, नाही पटलं की हाकलायचं नाहीतर गॉब्लिनच्या बाणांपुढे उभं करायचं. यात डोकं कुठे चालतं ते सांगा.

आणि ते खंजीर प्रकरण. शेवटचा एक चिलखती सरदार (नाइट) उरतो, त्याच्यावर जाळं टाकायचं, सहा जणांनी घेरायचं आणि खंजिराचा 'पंक्चर', म्हणजे चिलखत टाळून जाणारा वार, परत परत मारत बसायचं, कारण चिलखताला धक्का न लागता मेला पाहिजे, तरच ते चिलखत धड हाती लागतं. अर्धे वार हुकतात. चांगला गेम असली कारकुनी करायला लावतो?

रात्रपाळी
परवाचं मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणणं आहे. अहो भाडोत्री टोळीचा म्होरक्या आहात तुम्ही, एचआर नाही. वेशीवर उभा राहिलेला माणूस कपाळावर मार्कशीट चिकटवून येतो का? सुरुवातच बघा ना, होगार्ट नावाच्या दरोडेखोराच्या हातून अख्खी कंपनी कापली गेलीय, तीन माणसं उरलीत, तिथून उभं राहायचं. ज्याला हातात आयता हिरो पाहिजे त्याने दुसरा गेम घ्यावा.

आळशी_बोका
भरती राहू दे, घाव लागायची शक्यता ९५ टक्के दाखवतात तरी मिस जातो त्याचं बोला!!! समोरचा दात पडलेला दरोडेखोर, माझा अकराव्या लेव्हलचा माणूस, मिस, परत मिस, आणि त्या दरोडेखोराचा पहिलाच घाव डोक्यात. गेम चीट करतो, कुणी काही म्हणा.

गणिताचा_तास
@आळशी_बोका ९५ ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या वर जातच नाही आणि ५ च्या खाली पण येत नाही. सरासरीने वीस घावांत एक हुकणारच, एका मोठ्या लढाईत तुझे घाव किती होतात ते मोज. हुकलेले लक्षात राहतात, लागलेले नाही.

आळशी_बोका
आले सर. सर तुमचा पण माणूस मरो अशी शुभेच्छा.

दुपारचा_चहा
माझं एकच म्हणणं, लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही. घरात दीड वर्षाचं पोर आहे, त्यात लाईट कधी जाईल नेम नाही, बारा माणसं घेऊन नेक्रोमॅन्सरच्या मढ्यांशी पाऊण तास लढतोय आणि पोर उठतं. परत पहिल्यापासून. हे अवघड नाहीये, हा माज आहे.

रात्रपाळी
पोर उठलं तर लॅपटॉप तसाच ठेवून उठा की, टर्न बेस्ड आहे, तुम्ही चाल करेपर्यंत ऑर्क वाट बघतील.
आणि फाटका_तंबू, माणसं वापरून फेकतो म्हणून रडताय, भाडोत्री सैन्य असंच असतं. आपल्याकडचंच घ्या, १७७३ मध्ये पगार थकला म्हणून गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव गेले. गेममध्ये पण पगार चुकला, जेवण संपलं की मूड उतरतो आणि माणसं पळून जातात. इतकं खरं कुणी दाखवलंय?

शिलेदार_नव्हे_बारगीर
थांबा थांबा, गारदी म्हणजे सगळे पैशाचे यार हे कुठून आणलं? इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, कबूल, पण १७६१ ला पानिपतावर शेवटपर्यंत उभा राहिला, पकडला गेला, हाल होऊन मेला. आणि नारायणरावांच्या खुनात नुसता पगार होता का, राघोबादादा विसरलात?

रात्रपाळी
एका इब्राहिमखानावरून काय होतंय? पेरॉनचं बोला, दौलतराव शिंद्यांचा सगळा कंपू त्याच्या हातात आणि १८०३ मध्ये ऐन लढाईत इंग्रजांच्या आसऱ्याला गेला.

शिलेदार_नव्हे_बारगीर
पेरॉन फ्रेंच होता, त्याला इथल्या मातीचं काय. पण पानिपतातून लवकर निघाले ते काही भाडोत्री नव्हते, आपलेच सरदार होते, नाव घेऊ का?

कडक_मिसळ
होळकरांवर घसरायचं असेल तर आधी नीट वाचून या. पराभव दिसल्यावर उरलेली माणसं वाचवली हा गुन्हा झाला का? दरवेळी एकच खापर.

शिलेदार_नव्हे_बारगीर
नाव तुम्ही घेतलंत, मी नाही.

दुपारचा_चहा
अरे गेमचा धागा आहे हा, पानिपत काय काढलंत, आता दोन दिवस हेच चालणार.

फाटका_तंबू
चालू द्या, पण इब्राहिमखानाने माझंच काम केलंय. असा निष्ठेचा माणूस बॅटल ब्रदर्समध्ये बनूच शकत नाही. मूड नावाची एक पट्टी, जिंकलं की वर, पगार थकला नाहीतर हरलं की खाली. माझ्या टोळीतल्या एका गड्याचं नाक गेलं, नंतर डोळा गेला, तरी तो सगळ्या लढाया लढला, पण ते सगळं माझ्या डोक्यात, गेमला त्याचं काही नाही, त्याच्यासाठी तो कमी आकड्यांचा माणूस. रात्रपाळी, पगाराचं तुमचं बरोबर आहे, घ्या, दिलं. भरतीचं नाही.

रात्रपाळी
उपकार झाले. भरतीआधी स्टॅट दाखवणारे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेले बदल, आहेत, टाका आणि सुखाने खेळा. पण मग आयर्नमॅनच्या, म्हणजे जुना सेव्ह न उघडता खेळायच्या, गप्पा इथे मारू नका.

फाटका_तंबू
मॉड टाकून दुरुस्त करावं लागतं हेच तर वरपासून सांगतोय. आणि आयर्नमॅनचं नाव मी काढलंच नव्हतं.

कडक_मिसळ
ते असू दे, होळकरांचं उत्तर कोण देणार?