चर्चा: फंक्शनला व्हेरिएबल रेफरन्सनं द्यावं का?

टॉवेलवाला_कोडर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं बिलिंग मी सांभाळतो. काल मालकांचा फोन, शेवटच्या मालाचा दर कमी लागतोय. दर होते १००, १५०, २००. प्रत्येकी १० वाढवले, तर बिलावर ११०, १६०, १६०! दोन तास गेले. निघालं काय, तर एवढंसं & चिन्ह. पहिल्या फोरईचमध्ये (यादीतल्या एकेका घरावरून फिरणारं लूप) कुणीतरी दर रेफरन्सनं घेतलेला, म्हणजे कॉपी न घेता मूळ घरालाच दुसरं नाव दिलेलं. लूप संपलं तरी ते नाव शेवटच्या घराला चिकटूनच. छपाईच्या लूपमध्ये पुन्हा तेच नाव, म्हणजे प्रत्येक फेरीत शेवटच्या घरात नवा आकडा. तिसऱ्या फेरीला तिथं १६० बसलेले.
माझं मत: लूप असो की फंक्शन, रेफरन्स बंद. नुसती व्हॅल्यू द्या, उत्तर रिटर्ननं परत घ्या.

शेंगाचटणी:
काय बे, चूक लूपची अन् फाशी फंक्शनला? लूपखाली ते नाव सोडवणारी अनसेटची एक ओळ टाकायची होती. मी चाळीस हजार ओळींची यादी असलेल्या अ‍ॅरेत दुरुस्त्या करतो, दरवेळी कॉपी कशाला?

टॉवेलवाला_कोडर:
नुसता दिल्यानं कॉपी होत नाही. आत काही लिहीपर्यंत दोघांचा अ‍ॅरे एकच असतो.

शेंगाचटणी:
लिहायचंच म्हणतोय मी. नीट वाच की.

जुनी_गिरणी:
आम्ही सी भाषा शिकलेली माणसं. तिथं साधं व्हेरिएबल द्यायचं तर बोलावतानाच & लावावा लागतो; वाचणाऱ्याला कळतं, हे फंक्शन आपल्या मालाला हात लावणार. पीएचपीतही पूर्वी बोलावताना & चालायचा, २०१२ च्या ५.४ आवृत्तीत तो काढला. आता & फक्त व्याख्येत, अन् व्याख्या असते भलत्याच फाइलीत. यादी जागच्या जागी क्रमानं लावणाऱ्या सॉर्टचंच घ्या. नवी पोरं त्याचं उत्तर त्याच अ‍ॅरेत ठेवतात, यादी जाते आणि हातात येतं ट्रू. (माझ्याकडचे दोघे याच महिन्यात अडकले.)

शेंगाचटणी:
मग नाव नीट ठेवा. 'दर_वाढव' म्हटल्यावर दर वाढणार, अजून काय सांगायचं?

पूर्वभाग_७७:
ऑब्जेक्टचं काय? & न लावताही आतला दर बदलतोच ना?

टॉवेलवाला_कोडर:
बदलतो. फंक्शनला हँडल, म्हणजे त्याच ऑब्जेक्टपर्यंत नेणारी खूण मिळते, त्यातून आतला दर बदलता येतो. पण त्या नावात नवा ऑब्जेक्ट ठेवला तर बाहेर काही हलत नाही. तिथं माझं 'रेफरन्स बंद' लंगडं पडतं, कबूल. अ‍ॅरेपुरतं मात्र मी ठाम.

शेंगाचटणी:
ठाम राहा. नगामागं ५० कमी लागले, म्हणजे डझनाला ६००. ते कोण भरतंय?

टॉवेलवाला_कोडर:
तेच विचारायला मालकांनी उद्या बोलावलंय.