अनुभव धागा: सांगली-मिरजेत भाड्याने दिलेला टू-बीएचके

निवृत्तीचे पैसे हातात आले की पहिला सल्ला ठरलेला: "एक टू-बीएचके घेऊन टाका, भाडं येत राहील." ज्यांनी आपल्या भागात असं घर बरीच वर्षं भाड्याने दिलंय, त्यांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

विश्रामबाग
वालचंद कॉलेजच्या परिसरात फ्लॅट आहे. मुद्रांक, नोंदणी धरून ३४ लाख पडले. भाडं ९,५००, म्हणजे वर्षाचे १,१४,०००. घरपट्टी, मेंटेनन्स आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा केला की लाखही उरत नाही. तीन टक्क्यांच्या आत! बँकेतली ठेव यापेक्षा कितीतरी जास्त देते. तरी मी विकणार नाही, कारण दर करारात भाडं थोडं वाढतं. विद्यार्थ्यांना दिलं तर जास्त मिळेल, पण मी कुटुंबालाच देते. बदलीवर आलेले बँकवाले घर आपलं समजून राहतात.

गावभाग
ताई, तुमच्या हिशेबात कृष्णामाई नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत आमच्या तळमजल्यात पाणी होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. भाडेकरू बिचारे नेसत्या कपड्यांनिशी निघाले, ते परत आलेच नाहीत. गाळ काढणं, वायरिंग, प्लास्टर, दारं यांत दोन वर्षांचं भाडं गेलं. घर घेणाऱ्याने आधी शेजाऱ्यांना विचारावं, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. बिल्डरला नको.

मिरज
दवाखान्यांमुळे आमच्याकडे घर रिकामं राहत नाही. नर्स, शिकाऊ डॉक्टर सतत विचारत येतात. लिफ्ट नसेल तर मात्र तिसरा मजला कोणी घेत नाही.

सांगली, वकिली करतो
करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी, नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. विश्रामबागच्या ताईंसाठी आणखी एक: भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ठेवीच्या व्याजावर ती नाही. तुलना कर भरून झाल्यावर करा. फरक थोडा कमी होईल, पण ठेवच पुढे राहील.