ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सुधारणा: स्वतः केलीत की गॅरेजला पैसे मोजलेत? (अनुभव धागा)

कोपरीकर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक लांब नळीचे नरसाळे खाली आले. त्याच्या नळीवर गिअर तेलाचा लालसर डाग अजून तसाच आहे. हे भंगारात टाकू का, असे घरातून विचारले गेले आणि मला 2010 सालचा मे महिना आठवला. त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला की त्याच्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल थंड करणारा जादा कूलर बसवायचा आहे, तर गॅरेजला द्यावे की मामाने मदत करावी. मामाने आधी काय केले होते ते त्याला ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो.

माझ्याकडे तेव्हा चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) जुनी सेडान होती. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या चालीने सरकत आणि त्या अर्ध्या तासात माझी गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना झटका मारू लागे. गॅरेजने पूर्ण गिअरबॉक्स उघडण्याचे अठ्ठेचाळीस हजारांचे एस्टिमेट हाती ठेवले. तेल, फिल्टर आणि बाहेरून एक कूलर एवढे केले तरी भागेल, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला, हात मात्र चुकला. खालचे चेंबर, म्हणजे तेलाचे भांडे, परत लावताना गळती नको म्हणून मी प्रत्येक बोल्ट जीव खाऊन आवळला. हे बोल्ट बारीक असतात, ते अॅल्युमिनियममध्ये बसतात आणि त्यांना साधारण दहा न्यूटन-मीटर, म्हणजे नुसत्या मनगटाचा जोर पुरतो, हे मला दोन बोल्टचे आटे गेल्यावर कळले. गाडी टो करून वागळे इस्टेटला न्यावी लागली. तिथे हेलिकॉइल (तारेचे वेटोळे) बसवून आटे नवे करून घेतले, आणि मिस्त्रींनी पैसे घेताना मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे मला जास्त लागले.

गंमत अशी की त्यानंतर गाडी झटका न मारता चार वर्षे चालली. तुमचे अनुभव लिहा.

ऐरोलीकर

तेल मीच बदलतो. ड्रेन बोल्ट काढल्यावर सगळे तेल बाहेर येते, ही समजूत आधी सोडावी लागते, कारण बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. माझ्या गिअरबॉक्समध्ये सात लिटर मावते आणि एका वेळी तीनच लिटर निघते. म्हणून मी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तीनदा काढतो आणि तीनदा भरतो. हिशेब केला तर शेवटी जुने तेल पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी उरते. नऊ लिटर तेल खर्ची पडते, पण गॅरेजच्या मशीनने दाबाखाली केलेल्या फ्लशची मला भीती वाटते, कारण तळाशी शांत बसलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत शिरला तर तो काढायला कोण येणार?

बाहेर आलेले तेल मापाच्या भांड्यात मोजतो आणि तेवढेच आत घालतो. बायको म्हणते की पोराचे दूधही मी इतके काटेकोर मोजले नव्हते.

कोपरखैरणेवाली

मी गॅरेजला पैसे दिले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण पहिल्या गॅरेजला दिले असते तर नक्की झाला असता. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर न लावताच गिअरबॉक्स गेला असे सांगण्यात आले. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, "अगं, ताप न मोजता ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरकडे जाशील का?" दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर एका शिफ्ट सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, कोड आला. चेंबर उतरवून तो एकच सोलेनॉइड बदलला, तेल आणि फिल्टर नवे घातले, आणि सगळे मिळून पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यात झाले. मी दोन अटी घातल्या होत्या. काढलेला जुना भाग माझ्या हातात द्यायचा आणि चेंबरमधल्या चुंबकाचा फोटो पाठवायचा. चुंबकावर राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज असते. चमकणारे तुकडे दिसले तर मात्र खरोखरच पोट उघडावे लागते. माझ्या फोटोत लेपच होता.

जुना सोलेनॉइड सासऱ्यांनी शोकेसमध्ये ठेवला आहे. पाहुण्यांना तो दाखवताना काय म्हणायचे, हे मला अजून सुचलेले नाही.

पाम बीचवाला

एक खुलासा करतो, कारण दरवेळी हाच गोंधळ होतो. ज्यांची गाडी एएमटी आहे, म्हणजे आपल्याकडे 2014 साली सेलेरिओपासून रुळलेला प्रकार, त्यांचा गिअरबॉक्स मुळात साधाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे वर चाललेली कूलरची चर्चा त्यांना लागू नाही. सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिकचे, तेलही वेगळे असते. दुकानदार "सगळ्यांना हेच चालते" म्हणाला, तर उठून दुसरे दुकान गाठावे.

खारघरचा डोंगर

कूलरचा अनुभव माझ्याकडे आहे. खंडाळ्याचा घाट चढताना ओबीडी स्कॅनरवर तेलाचे तापमान 112 अंश दिसले, तेव्हा पोटात गोळा आला. तेल साधारण ऐंशी अंशांवर खूश असते आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम या कामातले लोक सांगतात. कूलर मी स्वतः बसवला. रेडिएटरमधून निघून गिअरबॉक्सकडे परत जाणाऱ्या नळीवर तो जोडला, म्हणजे तेल आधी रेडिएटरमध्ये निवते आणि मग वाऱ्यावर. बंपर उतरवणे, पट्ट्या ठोकणे आणि बसवणे यात रविवारची दुपार गेली. पुढच्या वेळी त्याच घाटात 96 अंश दिसले आणि मी गाडीत एकटाच ओरडलो.

आता चूक सांगतो. घरात शिल्लक होती म्हणून मी पाण्याची रबरी नळी वापरली. तेलासाठी वेगळी नळी मिळते, कारण साधे रबर गरम तेलाने फुगते आणि मऊ पडते. दीड महिन्याने, ऐन जुलैत, शिळफाट्याच्या कोंडीत क्लॅम्पजवळून तेल ठिबकू लागले. पावसाच्या पाण्यावर तांबडा तवंग पाहून मागचा रिक्षावाला उतरला आणि म्हणाला, "साहेब, गाडी रडतेय." त्याच्याच मदतीने गाडी बाजूला घेतली. नवी नळी साडेसहाशे रुपयांची होती, टोइंग साडेतीन हजारांचे.

कोपरीकर

डोंगरराव, रिक्षावाल्याचे वाक्य माझ्या भाच्याला जसेच्या तसे पाठवले आहे.

वागळे इस्टेटचा मिस्त्री

मी या कामात बावीस वर्षे आहे, त्यामुळे पलीकडची बाजू मांडतो. तेल घरी बदलणाऱ्यांवर माझा राग नाही. खरे तर ते गाडी नीट ठेवतात. अडचण पातळीची असते. नव्या अनेक गाड्यांमध्ये तेल तपासायची दांडी नसते. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, तेल साधारण चाळीस अंशांवर आले की बाजूचा बोल्ट काढायचा आणि तिथून जेमतेम धार थेंबावर आली की पातळी बरोबर समजायची. तेल जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, कमी झाले तर पंप हवा ओढतो, आणि दोन्ही वेळा गाडी सारखीच स्लिप होते. मग मालक मला सांगतात की तेल बदलल्यावर गिअरबॉक्स बिघडला. तुम्ही आम्हाला पैसे देता ते बोल्ट फिरवण्याचे नाहीत. चारी बाजूंनी सपाट उचलणाऱ्या लिफ्टचे, स्कॅनरचे आणि उद्या काही झाले तर तुम्ही माझ्या दारात उभे राहणार, याचे आहेत. लेबरवर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो सरकारकडे जातो.

व्हॉल्व्ह बॉडी मात्र कृपा करून घरी उघडू नका. एक सद्गृहस्थ ती प्लास्टिकच्या बादलीत घेऊन आले होते. व्हिडिओ पाहून त्यांनी शिफ्ट किट (गिअर बदलणे सुधारणारे सुटे भाग) बसवायला दोन भाग वेगळे केले आणि आतल्या छोट्या गोळ्या पार्किंगमध्ये घरंगळल्या. कोणती गोळी कोणत्या खाचेत, याची नोंद नव्हती. सात गोळ्या त्यांनी शोधून आणल्या होत्या आणि आठवी शेजाऱ्यांच्या मुलाने गोट्यांत खेळायला घेतली होती. ती परत मिळवायला त्यांना एक कॅडबरी द्यावी लागली.

सोसायटीचा सेक्रेटरी (नाइलाजाने)

मिस्त्रीभाऊंच्या त्या गृहस्थांची गोष्ट वाचून मला आमच्या बी विंगची आठवण झाली, पण ती दुसरी व्यक्ती असावी अशी आशा आहे. माझी विनंती एवढीच की पार्किंगच्या फरशीवर पुठ्ठा अंथरा, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. जुने तेल नाल्यात ओतू नका. ते धोकादायक कचऱ्यात मोडते. नऊ लिटर जुन्या तेलाचे काय केलेत, हे ऐरोलीकरांनी सांगितलेले नाही.

ऐरोलीकर

ज्या डब्यांतून नवे आले त्याच डब्यांत भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये ओतले, सेक्रेटरीसाहेब. तिथला पोरगा प्रत्येक वेळी विचारतो की काम आम्हालाच का देत नाही. मी प्रत्येक वेळी चहा पाजतो.

कोपरीकर

भाच्याशी बोलणे झाले. गाडीच्या वॉरंटीचे अजून सात महिने बाकी आहेत, हे त्याने मला आत्ता सांगितले! म्हणजे तोवर कोणीच काही उघडायचे नाही. त्यानंतर कूलर आणि नळी आम्ही दोघे मिळून बसवू आणि पातळी तपासायला गाडी लिफ्टवर नेऊ. मिस्त्रीभाऊ, तेव्हा तुमच्याकडेच येऊ का? आटे गेलेली गाडी घेऊन येणार नाही, याची हमी देतो.

वागळे इस्टेटचा मिस्त्री

जरूर या. फक्त गाडी सकाळी थंड असताना आणा, कारण तेल चाळीस अंशांवर असतानाच पातळी पाहायची असते आणि गरम गाडी तेवढी निवायला अर्धा दिवस घेते. नरसाळे असेल तर तेही आणा; आमचे कोणीतरी नेले आहे.

खारघरचा डोंगर

माझा टॉर्क पाना रविवारी मोकळा असतो, कोपरीकर. दहा न्यूटन-मीटरवर लावून पाठवतो.